मेऱ्याचं तेल

खेमसिंगाला अक्षर आलं ते दवाखान्याच्या खाटेवर. भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलं आणि मिशनच्या दवाखान्यात तो आख्खा पावसाळा पाय टांगून पडून राहिला. तेव्हा वय पंचविशीच्या पुढं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं वेळ जावा म्हणून त्याला बाराखडी शिकवली आणि मग आपल्याजवळचं शुभवर्तमान वाचायला दिलं. पाय बरा झाला तोवर खेमसिंगाचं मन तिकडं वळलं होतं.

फुलसावंगीकडच्या त्याच्या तांड्यात लोक हसले. "खेमा पाय नीट करायले गेलता, देव बदलून आला."

तांड्याचा नायक रामसिंग मात्र हसला नाही. खाटेवर बसून चिलीम ओढत तो म्हणाला, "देव तुले जो पाह्यजे तो कर. पण आमच्या पोराईले हे अक्षर कोण शिकवीन?"

"मी शिकवीन, नायक."

"मंग शिकून ये. दुसरा कोणी आला तर त्याची बोली पोराईले समजत नाही. पळून जातात."

तो शब्द खेमसिंगानं गाठीला बांधला. मिशनची रीत अशी होती की बायबल शाळेतून शिकून निघालेल्याला एकेका गावी सुवार्तिक म्हणून पाठवायचे; राहायला झोपडी, शिकवायला फळा, रविवारची उपासना त्याच्याकडे. खेमसिंगाला दुसरं गाव नकोच होतं. त्याला आपल्याच तांड्यात, आपल्याच बोलीत, फळ्यासमोर उभं राहायचं होतं. एकसष्ट साली तो बायबल शाळेत दाखल झाला.

शाळा दारव्ह्याच्या वाटेवर होती. कौलारू खोल्यांची एक ओळ, एक विहीर, आणि चिंचेला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मुलं तिथंच राहत. पहाटे प्रार्थना, मग वचनं पाठ करणं, दुपारी बागेला पाणी, संध्याकाळी पाळीपाळीनं भाकऱ्या. शुक्रवारी एकानं उभं राहून उपदेश करायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या चुका काढायच्या.

खेमसिंग पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या खोलीतला नागोराव म्हणाला, "दादा, तू देवाले हाका मारते का बैल हाकलते?"

सगळे हसले. खेमसिंग सगळ्यांत जास्त हसला.

नागोराव कळंबच्या पलीकडचा, सातवी शिकलेला, वयानं लहान. घरी सावत्र आई, म्हणून सुटीतही तो शाळेतच राहायचा. खेमसिंगाला वाचताना अडखळलं की शेजारी बसून तो अक्षराखाली बोट धरायचा. खेमसिंगानं न अडखळता वाचलेला पहिला भाग नागोरावानंच करून घेतला होता: भावाचं काही चुकलं तर आधी त्याच्याकडे एकट्यानं जा, दोघांतच सांग, नाहीच ऐकलं तर मग दुसऱ्यांना ने.

"भारी गोष्ट हाये बाप्पा," खेमसिंग म्हणाला. "आमच्या पंचायतीत तर आधी सगळ्या तांड्यात ओरडतात, मंग त्याले बोलावतात."

बदल्यात खेमसिंगानं त्याला आपली बोली शिकवली. भाकऱ्या थापता थापता नागोराव शब्द विचारायचा. आईला याडी म्हणतात हे शिकल्यावर तो भाकर उलटायची विसरला, आणि ती तव्यावर करपली.

त्या दिवाळीला खेमसिंग म्हणाला, "चाल आमच्या तांड्यावर. एकटा इथं काय करशीन?"

तांड्यात पाय ठेवला आणि खेमसिंगाची आई, मानीबाई, रीतीप्रमाणे पुढं आली. आधी पोराच्या गळ्यात पडून सुरात रडली. मग नागोरावाच्या गळ्यात पडूनही तशीच रडली. तो बावरून उभा राहिला. खेमसिंगानं सांगितलं, "घाबरू नोको. याडी ज्याच्या गळ्यात रडली, तो घरचा झाला. आता तुले तांड्यात कोणी 'तू कोण' म्हणून इचारणार नाही."

अमावास्येच्या संध्याकाळी पोरी मेरा घेऊन निघाल्या. मेरा म्हणजे दिवा. लग्न न झालेल्या पोरी नटूनथटून हातात दिवे घेऊन आधी नायकाच्या दारी जातात, मग घरोघर. वडीलधाऱ्यांसमोर दिवा धरून गातात, आणि वडीलधारा त्या दिव्यात थोडं तेल घालून आशीर्वाद देतो. पोर पुढच्या दिवाळीला सासरी असेल की इथं, कोणाला ठाऊक. म्हणून तिचा दिवा रिकामा परत पाठवत नाहीत.

खेमसिंगाची पुतणी जमनी त्याच्यासमोर आली. त्यानं तेल घातलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जसा घास घेऊन तोंडाकडे जातो, तसा सहज गेला. मग जमनीनं दिवा नागोरावासमोर धरला.

"दादा, मी टाकू का?" तो हळूच म्हणाला.

"टाक ना बाप्पा. तू काका लागते तिचा."

नागोरावानं तेल घातलं. त्याचे डोळे भरले होते.

शाळा संपत आली तेव्हा प्रिन्सिपल साहेबांनी खेमसिंगाला खोलीत बोलावलं. साहेब कडक, पण वाईट माणूस नव्हता. दाराशी नागोराव उभा होता. खेमसिंगाला वाटलं, नेमणुका सांगायच्या असतील. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"खेमसिंग, दिवाळीला तुझ्या घरी दिव्याची पूजा झाली. त्या दिव्यात तू तेल घातलंस?"

हे साहेबांना कुठून कळलं, हे समजायला त्याला एक श्वास लागला.

"पूजा नाही, साहेब. पोरीचा दिवा होता. तेल घातलं."

"आणखी कोणी घातलं?"

खेमसिंगानं दाराकडे पाहिलं. त्याला वाटलं, नागोराव आता बोलेल. दाराशीच तर उभा आहे, दोन पावलं पुढं येईल आणि म्हणेल, मीही घातलं. नागोराव आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. बाहेर मोटेचं चाक कुरकुरत होतं. खेमसिंग वाट पाहत राहिला. दाराशी कोणी हललं नाही.

"घरच्या लोकांनी," खेमसिंग म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तू मनानं चांगला आहेस. पण घरी गेलास की जुन्या रीती तुला ओढतात. एक वर्ष इथंच बागेवर राहा, मग पाहू. तुझ्या तांड्यावर आम्ही नागोरावाला पाठवतो. त्याला बोलीही येते, आणि तिथले लोक त्याला ओळखतात म्हणे."

खेमसिंगानं नागोरावाला विहिरीवर गाठलं.

"नागो, तो भाग तूच माह्याकडून वाचून घेतला. भावाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे एकट्यानं जा. मंग तू माह्याकडे काहून नाही आला? रोज एका ताटात जेवत होतो आपण."

"साहेबानं इचारलं, तांड्यावर काय काय पाह्यलं. मी सांगत गेलो, दादा."

"आन् तुह्या हातचं तेल?"

"ते त्याईनं इचारलं नाही."

खेमसिंगानं दोर सोडला. बादली खडखडत खाली गेली.

"मलेही कुठंतरी जाणं होतं, दादा," नागोराव म्हणाला. "तुले तांडा हायेच. तू कधीही जाशीन. मले कोण हाये?"

"मी देलती ना तुले," खेमसिंग म्हणाला. "माही याडी देलती."

नागोराव तांड्यावर गेला. त्याला कोणी अडवलं नाही. मानीबाई ज्याच्या गळ्यात रडली, त्याला कोण अडवणार? खेमसिंगानंच ते दार उघडून दिलं होतं, आणि रीत अशी की ते परत लावता येत नाही. तो वर्षभर पेरूच्या झाडांना आळी करत राहिला. शुक्रवारी नवी मुलं उपदेश करायची, तो मागं बसून ऐकायचा. कोणी चूक विचारली तर म्हणायचा, "चांगलं झालं." चूक म्हणून कोणाला काही सांगावंसंच त्याला वाटेना.

पुढच्या दिवाळीला तो घरी आला. नायकाच्या घराशेजारी नवी झोपडी होती, दारात फळा. फळ्यावर नागोरावाचं वळणदार अक्षर. खाली पोरं बसून खेमसिंगाच्याच बोलीत, त्यानंच नागोरावाला शिकवलेले शब्द ओरडत होती.

"चांगला हाये नागो," मानीबाई म्हणाली. "मले याडी म्हणते. तुहं शिकणं किती दिवस राह्यलं आता?"

"राह्यलं थोडं."

संध्याकाळी पोरी मेरा घेऊन निघाल्या. नायकाच्या अंगणात सगळे बसले होते. नायकाच्या खाटेवर, त्याच्या बाजूला, नागोराव. जमनी या वर्षी मोठी दिसत होती; येत्या उन्हाळ्यात तिचं लग्न व्हायचं होतं. तिनं नायकासमोर दिवा धरला, मग नागोरावासमोर.

खेमसिंग नागोरावाच्या हाताकडे पाहू लागला. आता हा काय करेल?

नागोरावानं तेल घातलं, सवयीनं, बोलता बोलता. जमनीच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याला खेमसिंग दिसला. तो उठून जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "इथं राह्याचं तर करा लागते, दादा. तुले तर मालूम हाये." आणि जुन्या दोस्तासारखा हसला.

तेवढ्यात जमनी समोर आली. गाताना तिचा आवाज भरून येत होता; काकासमोरचा हा तिचा शेवटचा मेरा. खेमसिंगानं तेलाची वाटी उचलली.

आणि त्याचा हात थांबला.

त्यानं डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग नागोरावाकडे. या अंगणात, आपल्या माणसांत, कोण पाहत आहे हे तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता.

गाणं संपलं. जमनी दिवा धरून तशीच उभी. वात तडतडली.

"काका," ती म्हणाली, "काय पाहून राह्यला?"

त्यानं तेल घातलं. थोडं दिव्यात पडलं, थोडं तिच्या बोटांवर. तिनं बोटं ओढणीला पुसली आणि पुढच्या दाराकडे गेली.