मूठ कोरडी ठेवायची

अप्पासाहेबांना या कामातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. जमीन नाही, प्लॉट धाकट्या भावाच्या बायकोचा. मजुरी नाही, ती घेतली असती तर इंदुरातल्या छत्रीबागेत, राहत्या आळीत, तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मिळणार होता तो फक्त एक प्रश्न : ‘भाऊजी, काटे तोडायला सुरा कसला घ्यावा?’ पण संस्थान गेलं, दरबारचा शिलेखाना, म्हणजे हत्यारांचं कोठार, बंद झाला, आणि तिथल्या या कारकुनाला त्यानंतर अकरा वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. अकरा वर्षं उपाशी माणसाला भाकरी केवढी दिसते, तेवढा त्यांना तो प्रश्न दिसला.

विचारणारी इंदिरा, हीच ती भावजय, शाळेत शास्त्र शिकवणारी. तिचे यजमान कृष्णराव सरकारी हापिसात. मध्य प्रदेश झाला, हापिस भोपाळला गेलं, हापिसामागून कृष्णराव गेले. त्यांचं दर महिन्याला पत्र यायचं : ‘शाळा सोड, इकडे ये.’ इंदिराचं दर महिन्याला उत्तर जायचं : ‘अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या सोसायटीत आपला प्लॉट निघालाय, घर इथंच बांधू.’ शेवटी नवराबायकोत तह ठरला. प्लॉट हातात राहिला तर इंदूर, गेला तर भोपाळ.

आणि तो जाण्याची चिन्हं होती. सोसायटीचा नियम असा, की रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मोजणीला ओव्हरसियर येणार. ज्याच्या प्लॉटचे चारही कोपऱ्यांचे दगड उघडे दिसतील त्याचा प्लॉट पक्का, बाकीचे यादीतल्या पुढच्या नंबराला. तिकडे त्या काळी नुसतं रान. इंदिराच्या प्लॉटवर बोरीचं असं जाळं माजलं होतं, की चार दगड आहेत हे कागदावरच कळायचं. मजूर लावावेत, तर चैत्राचा महिना. गहू कापायला सगळे गावोगाव पांगलेले.

सोसायटीचे सेक्रेटरी दत्तोपंत फार कळवळ्याचा माणूस. “काय वहिनीजी, कशाला हात फोडून घेता? भोपाळ फर्स्ट क्लास शहर आहे. तलाव आहे!”

यादीतला पुढचा नंबर दत्तोपंतांच्या मेहुण्याचा होता. कळवळा बहुधा तिथून पाझरत असावा.

तर सुरा. रस्त्याच्या कडेला गाडीलोहारांच्या चार गाड्या उतरल्या होत्या. इंदिरा आणि अप्पासाहेब तिथं गेले. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला, आणि घण मारत होती त्याची बायको लक्ष्मी. त्यांच्यात घण बाईनंच मारायचा. अप्पासाहेबांनी पुढ्यात मांडलेली पाती एकेक करून उचलली, डोळ्यापाशी धरली, नखानं वाजवली. त्यातलं एक निमुळतं, आरशासारखं चकाकणारं, पितळी मुठीचं पातं त्यांनी बाजूला काढलं.

“हे घ्या, इंदिराबाई. तोल बघा. मुठीपाशी बोट लावलं की तराजूसारखं उभं राहतं. शिलेखान्यात असं पातं आलं असतं तर मी पहिल्या कपाटात लावलं असतं.”

लक्ष्मीनं घण खाली टेकवला. “लडने जा रहे हो, बासाब?”

“काय मतलब?”

“मतलब ये, कि बोर का झाड भागता नहीं, वार भी नहीं करता.” तिनं गाडीखालून एक काळंकुट्ट धूड ओढून काढलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून ठोकलेलं, हातभर लांब, टोकाकडे रुंद होत गेलेलं. पाठ करंगळीएवढी जाड, मूठ बाभळीची आणि शेवटाला फुगीर. “ये लो बैनजी. इसकी नाक भारी है. तुम सिर्फ उठाओ, गिरेगा ये खुद.”

इंदिरानं ते बोटावर तोलून पाहिलं. मुठीच्या चार बोटं पुढं तोललं. तिचे डोळे असे चमकले, जसे वर्गात प्रयोग जमल्यावर चमकत असतील. मग प्रश्नांची सरबत्ती. मूठ शेवटी फुगीर का? घामानं हात निसटायला लागला तर तिथं अडतो. पितळेची का नको? झणका थेट कोपरात जातो. धार एवढी जाड का? “इससे दाढी थोडी बनानी है? पतली धार काँटे में मुड जाएगी.” आणि कुऱ्हाड का नाही? लक्ष्मी हसली. कुऱ्हाड खोडाला. बोरीची फांदी लवचीक, कुऱ्हाड तिच्यावरून उडते आणि आपल्या नडगीवर येते.

वापर कसा करायचा, तेही तिनं उभं राहून दाखवलं. डाव्या हातात दुबेळक्याची काठी, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली. त्या काठीनं काट्यांची फांदी दाबून दूर धरायची. पाय मागं. घाव तिरपा, बुडाशी, आणि असा, की चुकला तर हवेत जावा, पायावर नाही.

“और एक बात. पत्ती को तेल लगाना. मूठ सूखी रखना. एकदम सूखी.”

इंदिरानं काळं धूड घेतलं. अप्पासाहेबांनी पितळी मुठीचं पातं परत ठेवलं. ठेवताना धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवलं. परतीच्या वाटेवर म्हणाले, “घेतलंत, ठीक. पण त्याची देखभाल मी करीन. हत्यार बायकामाणसांच्या भरवशावर टिकत नाही.”

तुम्ही म्हणाल, प्रश्न विचारून उत्तर दुसरीकडून घेतलं, हा अपमानच झाला. झालाच. पण अप्पासाहेबांच्या मागं एक भक्कम आधार होता, तो सांगायला हवा. त्यांच्या देवघराशेजारी खुंटीवर लाल मखमलीच्या गवसणीत आजोबांची तलवार टांगलेली असे. आजोबा होळकरांच्या पागेत होते. दसऱ्याला ती गवसणीसकट पाटावर यायची. मुठीच्या उंचवट्यावर हळदकुंकू, आपट्याची पानं, आरती. गवसणीची गाठ सोडायची नाही, असा घरचा रिवाज. इंदिराच्या वडिलांनी मुलगी दिली ती कृष्णरावांचा पगार पाहून नव्हे, ती तलवार पाहून. खरं म्हणजे गवसणी पाहून.

काम सुरू झालं. इंदिरा सकाळची शाळा आटोपून यायची, पदर खोचायची आणि बोरीला भिडायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं जोर लावावा. संध्याकाळी चमचा उचलवेना. तिसऱ्या दिवशी ‘गिरेगा ये खुद’ याचा अर्थ कळला. नुसतं उचलायचं, मनगट सैल ठेवायचं. मग ती वेगवेगळे कोन करून बघायला लागली : सरळ घावाला फांदी चार वारांत, तिरप्याला दीड. शाळेत मुलींना पुढं तिनं हेच उदाहरण दिलं म्हणतात. दहा दिवसांत दोन दगड निघाले, बाराव्या दिवशी तिसरा.

अप्पासाहेब रोज सायकलवरून यायचे, सावलीत मोडक्या खाटेवर बसायचे आणि सूचना द्यायचे.

“इंदिराबाई, खांद्यातून! खांद्यातून!”

“भाऊजी, खांद्यातून केलं की थकायला होतं. तुम्ही करून बघता का जरा?”

“माझं काम पाहण्याचं.”

खरं होतं. वीस वर्षं त्यांनी पाती पुसली, मोजली, यादीत चढवली. पण एका पात्यानं साधी काकडी कापल्याची नोंद नव्हती. एक मात्र खरं, सुरा ते हातातून हातात कधी द्यायचे नाहीत. जमिनीवर ठेवायचे, दुसऱ्यानं उचलायचा. हातोहात धार दिली की भांडण होतं, हे त्यांचं शास्त्र. इंदिरा हसायची, पण पाळायची.

रामनवमी उजाडली. चौथा दगड अजून कोपऱ्यातल्या सगळ्यात दाट जाळीत. सण म्हणून शाळेला सुट्टी, पूर्ण दिवस हातात. इंदिरा खुशीत होती.

तिच्या आदल्या संध्याकाळी अप्पासाहेब सुरा घरी घेऊन गेले होते. उद्या सण, म्हणून शिलेखान्यात सणाच्या आदल्या दिवशी जसं व्हायचं तसं त्यांनी सगळं साग्रसंगीत केलं. राखेनं घासला. तिळाचं तेल लावलं. पात्याला लावलं, आणि मुठीलाही. शिलेखान्यातल्या मुठी पोलादाच्या, सोन्याचं पाणी दिलेल्या. त्यांना तेल लागतच असे. वीस वर्षांच्या सवयीच्या हाताला बाभळीचं लाकूड दिसलंच नाही. लाकूड रात्रभर तेल पीत राहिलं.

सकाळी इंदिरानं सुरा जमिनीवरून उचलला. “छान चमकतोय हो भाऊजी!” असं म्हणाली. दुबेळक्यानं फांदी दाबली. सुरा वर नेला.

तो वरूनच पुढं गेला. अप्पासाहेबांच्या काळ्या टोपीवरून, खाटेवरून, दोन कोलांट्या घेत शेजारच्या जुन्या विहिरीत. डुबुक असा आवाज आला. तो सुद्धा उशिरा, इतकी ती खोल.

बराच वेळ दोघं विहिरीत वाकून पाहत राहिले. मग इंदिरानं आपला तळवा पाहिला, वास घेतला.

“तीळ,” ती म्हणाली.

अप्पासाहेबांनी आपला तळवा धोतराला पुसला.

गाडीलोहार परवाच गाड्या जुंपून गेले होते. सणामुळे लोहारपट्टी बंद. इंदिरानं ओळखीच्या दोन घरी विचारलं. एकीकडून विळा मिळाला, दुसरीकडून सहानुभूती. तिनं विळ्यानं एक फांदी ओरबाडून पाहिली, काटा मनगटात घुसला. ती तिथंच ढेकळावर बसली. रडली नाही. म्हणाली, “भोपाळला तलाव आहे म्हणे.”

अप्पासाहेबांनी सायकल घेतली आणि ते निघून गेले. अशा वेळी माणूस पळतोच, असं आजूबाजूच्या प्लॉटवरून पाहणाऱ्यांनी मनात लिहूनही टाकलं.

देवळात रामजन्माच्या घंटा वाजून गेल्या तेव्हा सायकल परत आली. मागं कॅरिअरला लाल मखमलीची लांब गवसणी बांधलेली.

“भाऊजी! ही तलवार? अहो नको. आजेसासऱ्यांची वस्तू, काट्यांत?”

“तिकडे तोंड करा,” अप्पासाहेब म्हणाले.

इंदिरानं तोंड फिरवलं. पण शास्त्र शिकवणारी बाई. किती वेळ फिरवणार? गाठ सुटायला वेळ लागला, साठ वर्षांची होती. गवसणीतून पहिल्यांदा निघाली ती काठी. टोकाला दोन फाटे. दसऱ्याला ज्या उंचवट्यावर हळदकुंकू लागायचं, तो मुठीचा नव्हता, दुबेळक्याचा होता. मग निघालं एक पातं : काळं, हातभर, नाकाशी रुंद, करंगळीएवढी पाठ, मूठ लाकडाची. शेवटाला फुगीर.

इंदिरा पातं पाहत राहिली, मग अप्पासाहेबांना.

“पागेत होते, हे खरं आहे,” अप्पासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. “मुक्काम पडला की घोड्यांभोवती काट्यांचं कुंपण लागतं. ते तोडायला होते. घोड्यावर होते असं आम्ही कधी म्हटलं नाही. लोक म्हणायचे.” मग गवसणी खाटेवर ठेवत म्हणाले, “आम्ही खोडलं नाही.”

“यांना माहीत आहे?”

“कृष्णाला? नाही. गाठीत काय आहे ते फक्त थोरल्याला सांगतात.”

इंदिरानं पातं बोटावर तोललं. मुठीच्या चार बोटं पुढं. तिला हसू फुटलं, पण ते टिंगलीचं नव्हतं. कोडं सुटल्यावर येतं ते. “भाऊजी, हे तर लक्ष्मीच्या सुऱ्याचंच भावंड! म्हणजे आजेसासऱ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मूठ बघा. साठ वर्षं मखमलीत, एकदम कोरडी.”

“तिला तेल लावायचं धाडस नाही झालं,” अप्पासाहेब म्हणाले. “गाठ सोडावी लागली असती.”

विटेवर धार काढून झाली. पहिला घाव अप्पासाहेबांनी घातला. खांद्यातून. फांदी नुसती हलली.

“मनगट सैल, भाऊजी. तिरपं. बुडाशी. उचला फक्त.”

दुसऱ्याला फांदी पडली. अप्पासाहेबांनी पडलेल्या फांदीकडे असं पाहिलं, की जणू ती त्यांनी यादीत चढवायला हवी. मग आळीपाळीनं चाललं. दमलेल्यानं पातं जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. दिवस मावळायच्या आत चौथा दगड दिसला, त्यावर मुंग्यांचं वारूळ, आणि आकडा शाबूत.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आला, चार दगडांवर साखळी धरली, सही केली. सोबत दत्तोपंत होतेच. त्यांची नजर खाटेवर गेली. तिथं रिकामी गवसणी होती, शेजारी चिकानं माखलेलं पातं आणि दुबेळकं. हिशेबाला दत्तोपंत पक्के; बेरीज करायला त्यांना क्षणभर लागला.

“काय अप्पासाहेब! हीच का ती पागेतली तलवार?”

इंदिरा उत्तर द्यायला वळली. अप्पासाहेबांनी तिला हातानं थांबवलं. पातं उचललं, अंगठ्यानं धार पाहिली आणि म्हणाले, “हो, हीच. काटेच तोडायची. चांगली तोडते.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी सराफ्यातल्या खाऊगल्लीपर्यंत पोचली. तिथं कचोरीपेक्षा ती जास्त खपली.

आता कुणाचं काय गेलं, तेही मांडून मोकळं होऊ. लक्ष्मीचं काही गेलं नाही. तिचा सुरा विहिरीत असला तरी चूक तिची नव्हती, तिनं सांगून ठेवलं होतं. दत्तोपंतांच्या मेहुण्याचा प्लॉट गेला, जो त्याचा कधी नव्हता. कृष्णरावांना भोपाळात बसल्या बसल्या, कुणी न विचारता, अर्धा आजोबा भरावा लागला. ते पत्रातून रागावले, मग वास्तुशांतीला आले. इंदिराच्या तळहाताला तीन घट्टे पडले, ते तिनं ठेवून घेतले. बाकी सगळं एकट्या अप्पासाहेबांनी भरलं : घोडा, स्वार, साठ दसरे. त्यातून सुटी मोड परत आली ती एवढीच, की दिवाळीनंतर सोसायटीतली माणसं छत्रीबागेत येऊ लागली, काटे तोडायला पातं कसलं घ्यावं ते विचारायला. अप्पासाहेब सांगायचे सगळं, आणि शेवटी मुठीचं सांगायचे.