शेवटचे तीन सेकंद

हातात

विमान अजून वहिनींच्या हातात आहे आणि वायर भाऊजींच्या खिशात. गोष्ट या वायरीची आहे, त्यामुळे विमान सुटायच्या आत तिच्याबद्दल सांगून टाकलेलं बरं.

दीड हात लांब, काळी, दोन्ही टोकांना पिना. एक टोक शिकणाऱ्याच्या रिमोटला, दुसरं शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याच्या रिमोटवर एक खटका असतो. तो दाबून धरला की विमान शिकणाऱ्याचं, सोडला की त्याच क्षणी पुन्हा शिकवणाऱ्याचं. विमानाला फरक पडत नाही. बघणाऱ्याला तो दिसत नाही. शिकणाऱ्यालाही कळत नाही, आणि खरं दुखणं तिथेच होतं.

कारण वहिनी गेली एकोणीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या. अख्खं गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणायचं. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि त्यावर वहिनींचा पाय इतका अलगद पडायचा की मागच्या सीटवर मांजर झोपलेलं असतं तर त्याने कूसही बदलली नसती. चौकात गाडी रेषेवर थांबली की त्या म्हणायच्या, "छान थांबलात." शिकणारा फुलून जायचा. थापच ती, पण धीर देणारी.

आता जिने जन्मभर दुसऱ्याच्या ब्रेकमागे आपला पाय लपवला, तिला कोणी "छान उतरवलंत" म्हटलं तर ती विश्वास ठेवेल का? चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

म्हणून आज वायर लावलेली नव्हती. दुसरा रिमोट भाऊजींनी मुद्दाम घरीच ठेवला होता. विमान मात्र तेच, त्यांनी आठ महिने खपून बनवलेलं. हलक्या लाकडाच्या एकेक फासळ्या कापल्या, चिकटवल्या, वर पिवळा पातळ कागद ताणला. पंख एवढे लांब की दारातून आडवं जाणार नाही. इंजिन नाही, पंखा नाही. हवेने धरलं तर वर राहायचं, नाही तर खाली यायचं.

"मोडलं तर?" वहिनींनी सकाळी विचारलं होतं.

"मोडेल," भाऊजी म्हणाले होते.

बंद पडलेल्या वीटभट्टीमागचं माळरान. जमिनीत एक खुंटी, खुंटीला रबराची लांब नळी, नळीला शंभर पावलं दोरी, दोरीच्या टोकाला कडी आणि रुमालाएवढी छत्री. कडी विमानाच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवायची आणि विमान घेऊन मागे मागे चालत जायचं. वहिनी साठ पावलं मागे गेल्या. ताणलेलं रबर हट्टाला पेटलेल्या पोरासारखं हात ओढत होतं. एका हातात विमान, दुसऱ्यात रिमोट, वारा तोंडावर, नाक जरा वर.

पहिल्या दिवशी त्यांनी हात सोडला होता, पण बोटांनी सोडलं नव्हतं. विमान अर्धवट सुटून गवतात शिरलं होतं. तेव्हा भाऊजींनी सांगितलं होतं की, सोडायचं तर पुरतं सोडा, विमानाला शंका येता कामा नये.

वहिनींनी नेटाने, पुरतं सोडलं.

चिमणीएवढं

विमान पतंगासारखं उभं चढलं. पंख वाकले, दोरी गुणगुणली. वर गेल्यावर वहिनींनी नाक जरासं खाली केलं तशी कडी निसटली आणि छत्री डुलत डुलत खाली आली. आता विमानाला कोणाचा धागा नव्हता.

भाऊजी चार पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभे.

भाऊजी म्हणजे धाकटे दीर. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पोरीचा बाप झाला तरी याची खेळणी सुटली नाहीत, हे सासूबाईंचं जुनं मत. मोठी सूनही माळावर जायला लागली तेव्हा त्यांनी मताला पुरवणी जोडली की, घरात एक वेडा पुरत नव्हता म्हणून दुसरीला नादी लावलं.

खरं तर वहिनी नादी लागल्या त्या भाऊजींच्या सायकलीमुळे. भाऊजी गाडी चालवत नसत. बारा वर्षांपूर्वी वहिनींकडेच शिकले, परीक्षा पास झाले, आणि मग सायकलच बरी म्हणून बसले. गुडघ्यांना व्यायाम होतो म्हणायचे, घरच्यांनीही ते मानलं होतं. पण एवढे लांब पंख सायकलवर नेणार कसे? म्हणून रविवारी वहिनी त्यांना आपल्या शिकवणीच्या गाडीने माळावर सोडायच्या आणि गाडीत बसून जांभया द्यायच्या. एका रविवारी जांभया संपल्या. त्या उतरून म्हणाल्या, आणा बघू इकडे.

भाऊजींना घड्याळजीची सवय, सगळं लिहून ठेवायची. विमानाच्या वहीत वहिनींच्या प्रत्येक उड्डाणाची एकेक ओळ होती.

तिसरं. डावीकडे डावीकडे म्हणत उजवीकडे नेलं.

सहावं. उतरताना वहिनींनी उजव्या पायाने जमिनीला ब्रेक दाबला. मातीत टाचेचा खड्डा. विमान थांबलं नाही.

सातवं. तोच खड्डा, जरा खोल.

अकरावं. पायाशी उतरलं.

या अकराव्याने घात केला. विमान वळून आलं, गवतावरून तरंगत वहिनींपासून दोन पावलांवर टेकलं. घरी त्यांनी जेवताना तीनदा सांगितलं. नवऱ्याने दोनदा ऐकलं. सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं की, मग आता पगार किती मिळणार. वहिनी हसल्या, आणि हसता हसताच त्यांना स्वतःचं "छान थांबलात" आठवलं.

डासाएवढं

डावा पंख आपोआप उचलला गेला.

हे नवं नव्हतं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्या कडेला विमान लागलं की त्या बाजूचा पंख उचलला जातो. कोणी दारातून आत बोलवावं तसं. जिकडचा पंख उचलला तिकडेच वळायचं आणि गोल फिरत राहायचं. वहिनी वळल्या. विमान चढायला लागलं. मान मागे, आणखी मागे.

त्या अकराव्या उतरण्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वहिनी जिना उतरून दुकानात गेल्या होत्या. भिंतीवरची घड्याळं नेहमीप्रमाणे आपापली वेळ दाखवत होती, एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. भाऊजींच्या डोळ्याला भिंग, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू.

"भाऊजी, कालचं उतरणं कोणाचं?"

भिंग हललं नाही. स्क्रू जागेवर बसला. मग भाऊजी म्हणाले, "शेवटचे तीन सेकंद माझे."

वहिनींना हे आधीच माहीत होतं, तरी ऐकायला वेळ लागला. त्यांनी विचारलं की, नुसतं छान म्हणाला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं? त्यावर भाऊजींनी भिंग काढलं आणि बारा वर्षांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

पोस्टाजवळच्या उतारावर, वहिनींच्या शेजारी बसून शिकताना, त्यांची गाडी दर वेळी नेमकी रेषेवर थांबायची. दर वेळी वहिनी म्हणायच्या, छान थांबलात. परीक्षेच्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला, पास झाले. आठव्या दिवशी थोरल्या भावाची, म्हणजे वहिनींच्याच घरची गाडी घेऊन निघाले, शेजारी चार वर्षांची पोरगी. तोच उतार. त्यांनी पाय ठेवला. गाडी थांबली नाही. पिठाच्या गिरणीच्या भिंतीने थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. घरी सांगितलं की उभ्या गाडीला ट्रक घासून गेला. पोरीला आइस्क्रीम देऊन गप्प केलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली.

"तेवढाच पाय ठेवला होता, वहिनी," भाऊजी म्हणाले. "रोज ठेवायचो तेवढाच. मला वाटायचं तेवढा पुरतो."

वहिनींना राग आला तो भाऊजींचा. बारा वर्षं हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला म्हणून. स्वतःचा राग यायला जिना चढून वर जावं लागलं. वर गेल्यावर मात्र तो आला आणि घरातच राहिला. शिकवणीला गाडीत बसल्या की त्यांचा पाय ब्रेकवर जायचा, पण आतापर्यंत जे शब्द आपोआप यायचे ते येईनात. शनिवारपर्यंत चौघांना त्यांनी छान म्हटलं नाही. चौघेही हिरमुसले.

शनिवारी संध्याकाळी त्या पुन्हा दुकानात उतरल्या. म्हणाल्या, एकदा तरी माझं मला कळू दे. उद्या वायर नको.

ठिपका

"दिसेना झालं. भाऊजी, कुठे गेलं?"

"तुमच्याकडेच आहे."

पुन्हा चिमणीएवढं

वहिनींनी दोन्ही डोळे बारीक केले आणि अंदाजानेच रिमोटवरची स्टिक पुढे ढकलली. नाक खाली, वळण मोठं, गरम हवेच्या बाहेर. वळताना पिवळ्या कागदावर ऊन चमकलं आणि विमान सापडलं. ते परत येत होतं. त्यांच्याकडे, नाकासमोर.

इथेच सगळे चुकतात. विमान पाठमोरं जात असतं तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. ते तोंड वळवून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. वहिनींना दिसला तो उजवीकडचा पंख झुकलेला. सावरायला त्यांचा हात डावीकडे गेला, एकोणीस वर्षांच्या सवयीने. पंख आणखी झुकला.

मागे भाऊजींचा श्वास थांबलेला ऐकू आला. एरवी याच क्षणी तो खटका सुटायचा आणि विमान कसं कोण जाणे शहाणं व्हायचं. आज ते शहाणं झालं नाही.

भाऊजींनी एक युक्ती सांगून ठेवली होती. येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं मनात आणायचंच नाही, जो पंख खाली झुकेल त्याच्याखाली स्टिकचा टेकू द्यायचा. वहिनींनी टेकू दिला. पंख वर आला. विमान सरळ झालं, आणि आता ते झाडांच्या उंचीवर होतं, मग माणसाच्या दुप्पट उंचीवर.

एक. उजवी टाच मातीत रुतली.

दोन. फार जोरात येतंय असं वाटून त्यांनी स्टिक मागे ओढली, जरा जास्तच. नाक आभाळाकडे झालं. विमान हवेत उभं राहिलं, क्षणभर कुणी हाक मारल्यासारखं.

तीन. शेपटीवर पडलं. कडकन आवाज झाला.

गवतात

दोघं चाळीस पावलं चालून विमानापाशी गेली. भाऊजी उकिडवे बसले, बंद पडलेलं घड्याळ उघडावं तसं विमान उलटं केलं.

"शेपटी गेली."

"पंख?"

"पंख शाबूत आहेत."

"कोणी पाडलं?"

भाऊजींनी वर पाहिलं. वहिनींचा चेहरा उन्हाने आणि मान मागे करून लाल झाला होता, आणि त्या खरंच विचारत होत्या.

"तुम्ही," ते म्हणाले.

"सगळं? पहिल्यापासून?"

"कडी सुटल्यापासून. मी हातही पुढे आणला नाही." मग जरा थांबून, "आणायचा होता. दोनदा."

वहिनी गवतातच बसल्या. मोडक्या शेपटीचा तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. नेमका कुठून तुटला, कशाने तुटला, किती ओढलं म्हणून तुटला, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आठ महिन्यांची मेहनत, त्यातली निदान पंधरा दिवसांची त्यांनी एका हिसक्यात मातीत घातली होती. त्या म्हणाल्या की, शेपटी मी बनवणार, शिकवा. भाऊजी म्हणाले, फासळ्या कापायला बोटं हवीत, टाच नव्हे.

मांडीवर

गाडीपाशी आल्यावर वहिनींनी चावी भाऊजींपुढे धरली.

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीयेत. लायसन्स कधीच संपलंय म्हणाले. वहिनी म्हणाल्या, माळावर लायसन्स कोण बघतंय, भट्टीच्या गेटपर्यंत तुम्ही, रस्त्यावर मी. गुडघा दुखतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, सायकलने दुखत असेल.

भाऊजी बसले. आरसा तीनदा नीट केला. वहिनी शेजारी आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या, त्यांच्या पायाशी त्यांचा तो ब्रेक. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. मांडीवर मोडकी शेपटी.

"वहिनी, पाय खाली ठेवा."

"इथेच बरे आहेत."

गाडी धक्के खात निघाली. भट्टीपासून गेटपर्यंत जमीन जराशी उतरती आहे, चालताना कळत नाही, चाकांना कळते. गाडीने वेग घेतला. गेट लोखंडी, बंद. वहिनींची मांडी आपली आपण उलगडायला लागली. त्यांनी शेपटीचा तुकडा दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला.

भाऊजींनी पाय टाकला. तेवढाच नाही, बारा वर्षांचा साठलेला. गाडी एक गचका देऊन जागच्या जागी उभी राहिली आणि बंद पडली. मागे विमानाचा पंख सीटवर आपटला.

गेट अजून चार गाड्या मावतील एवढं लांब होतं.

वहिनींनी शेपटीवरचे हात सैल केले. भाऊजींनी त्यांच्या मांडीकडे पाहिलं, दोन्ही पाय वरच होते. त्यांनी बाहीने कपाळ पुसलं आणि चावी पुन्हा फिरवली.