पिवळे हातमोजे

आमच्या लेकीचा, ज्युनिपरचा, एक मासा आहे. त्याचं नाव टोस्ट. जानेवारीत शाळेतल्या काचेच्या टाकीत तो नारिंगी मण्याएवढं अंडं होता, मे उजाडेपर्यंत बोटाच्या दोन पेरांएवढा झाला. तसे टाकीत शंभरेक सालमन आहेत आणि सगळे एकासारखे एक. पण त्यातला टोस्ट कुठला हे ज्युनी छातीठोकपणे सांगते, रोज वेगळ्याच माशाकडे बोट दाखवून. शुक्रवारी पहिलीच्या मुलांनी आपापला मासा पेल्यात घेऊन आमच्या घरामागच्या ओढ्यात सोडायचा, असं ठरलं होतं.

आणि तो ओढा दर मंगळवारी दुधासारखा पांढरा होत होता.

दहाला धाकटा झोपतो. तो एक तास माझा. चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायचं, एवढंच माझं ऐश्वर्य. पहिल्या मंगळवारी समोरच्या पाइपातून पांढरा लोट आला तेव्हा कप तसाच ठेवून मी नगरपालिकेला फोन लावला.

"टाकणारा माणूस दिसतोय का तुम्हाला?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"माणूस नाही, पाइप दिसतोय. टेकडीवरच्या चार रस्त्यांचं पावसाचं पाणी त्यातून येतं."

"मग चोवीस तासांत येतील. टाकणारा समोर असेल तरच लगेच गाडी निघते."

बुधवारी इन्स्पेक्टर आला. डोमिंगो नावाचा, शांत, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला. ओढा निवळशंख. त्यानं बाटलीत पाणी घेतलं, माझ्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, आणि "झोप होते ना तुमची?" असं विचारून गेला.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. आता शुक्रवारच्या आधी एकच मंगळवार उरला होता.

"माणूस हवाय ना त्यांना? मग देऊ या माणूस," शेजारच्या इंगाबाई म्हणाल्या. इंगाबाईंनी तीस वर्षं सिटी बस चालवली. पाय ब्रेकवर असायचा, त्यामुळे तोंडाला ब्रेक लावायची सवय राहून गेली.

"कुठून आणू?"

"तू आहेस की! चेहऱ्यावरूनच संशयित वाटतेस. केस कधी विंचरलेस शेवटचे?"

बेत साधा होता. मी त्यांच्या पन्हळीखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी कळकट डब्यात भरायचं, रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीपाशी बसून ओतायचं. पावसाचं पाणी पावसाच्या गटारात, त्यात पाप कसलं? फोन त्या करणार.

"पण खोटं बोलायचं नाही हं, इंगाबाई."

"खोटं कशाला? जे दिसेल ते सांगेन. तू फक्त दिस नीट."

म्हणून मंगळवारी दहाला, धाकटा बाबागाडीत झोपलेला, मी भांडी घासायचे पिवळे हातमोजे कोपरापर्यंत चढवून जाळीपाशी उकिडवी बसले. इंगाबाई ओसरीवरून फोनवर ओरडत होत्या, म्हणजे साधंच बोलत होत्या.

"एक बाई डबा ओततेय गटारात! हो, आत्ता! पिवळे हातमोजे! काय आहे डब्यात? मला काय माहीत, मी काय चाखून बघू? हो, इकडेतिकडे बघतेय. फार चोरटी नजर आहे हो!"

मी खरंच इकडेतिकडे बघत होते. हसू दाबायचं म्हणजे बघावं लागतं.

अकराव्या मिनिटाला गाडी आली. डोमिंगो उतरला, मला पाहून दारापाशीच थबकला.

"तुम्ही?"

"मीच."

त्यानं डब्यात कागदाची पट्टी बुडवली. वास घेतला. पुन्हा घेतला. "हे पावसाचं पाणी आहे."

"होय."

"बाईसाहेब, मी गावाच्या पलीकडच्या टोकाला तेल सांडलेलं सोडून आलोय."

माझा चेहरा उतरला. हे मात्र बेतात नव्हतं. तेवढ्यात खाली जाळीत खळखळ झाली. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. आमच्या पायांखालून पांढरंशुभ्र पाणी चाललं होतं.

डोमिंगोनं गाडीतून लोखंडी आकडा काढला आणि टेकडी चढू लागला. दर वळणावर रस्त्यातलं गोल झाकण उचलायचं, आत डोकवायचं, पांढरं दिसलं की पुढे. मागे मी, हातमोज्यांसकट, धाकट्याची गाडी ढकलत. त्याच्या मागे इंगाबाई, धापा टाकत, तरी बोलत. तिसऱ्या झाकणाशी पाणी डावीकडे वळलं. चौथं झाकण शाळेच्या फाटकासमोर होतं.

शाळेच्या मागच्या अंगणात कुंपणाला टेकून लाकडी मासे वाळत घातले होते, प्रत्येक मुलामागे एक, शुक्रवारच्या सणासाठी. मुलं रंगवतील त्याआधी त्यांना पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा असतो, आणि ते काम दर मंगळवारी पालक करतात. गटाराच्या जाळीपाशी एक पालक पाठमोरा उभा राहून शीळ घालत बादली उपडी करत होता. जाळीशेजारच्या पितळी बिल्ल्यावर मासा कोरलेला होता, इथलं पाणी ओढ्यात जातं याची खूण म्हणून. बिल्ल्यावर त्या पालकाचा बूट होता.

तो बूट मीच नाताळात घेतला होता.

"वेस!"

माझा नवरा वळला. फेरीबोटीवर इंजिनं दुरुस्त करतो, मंगळवारी त्याची सुट्टी. इतक्या आयांमध्ये मदतीला येणारा एकटाच बाप, म्हणून शाळेत त्याचं कोण कौतुक! तीन आठवडे त्याच्या कोपरांवरचे पांढरे डाग मीच घासून काढत होते.

"अगं, तू इथे? आणि हे हातमोजे कशाला?"

"बादलीत काय आहे?"

"ब्रश धुतले. पाण्याचाच रंग आहे गं, बाधत नाही. आणि हे जातं ना शुद्धीकरणाला, संडासाच्या पाण्यासारखं?"

"नाही," डोमिंगो म्हणाला. "हे सरळ ओढ्यात जातं. वाटेत कोणी काही शुद्ध करत नाही."

वेसनं हळूच बूट उचलला. खालचा मासा पाहिला. कुंपणावरचे मासे पाहिले. मग त्याचा चेहरा असा झाला की माझ्या जिभेवरची चार वाक्यं मी गिळली.

इंगाबाईंनी गिळली नाहीत. "शाब्बास रे पठ्ठ्या! पोरांनी मासे वाढवायचे आणि बापानं त्यांना चुना लावायचा!"

"टोस्टला काही होईल का?" वेसनं विचारलं. मला नाही, डोमिंगोला.

"तो टाकीत आहे तोवर नाही. हे पाइपातून ओढून घ्यावं लागेल. शुक्रवारी पाणी तपासतो, मग बोलू."

मोठी गाडी आली, गटारात सोंड घालून दुपारभर सूं-सूं करत राहिली. वेसनं आपणहून सगळे ब्रश आत मोरीत नेऊन धुतले आणि जाळीवर पत्रा ठोकला. डोमिंगोनं अहवाल लिहिला. तक्रार आली तशीच नोंदवायची असते म्हणे, म्हणून संशयिताच्या रकान्यात आजही पिवळे हातमोजे घातलेली बाई आहे.

शुक्रवारी त्यानं पाइपाच्या वरच्या अंगाला, वळणावर, जिथं आता मासे सोडायचे होते तिथं, बाटली भरली, उजेडात धरली आणि मान डोलावली. मुलं पेले घेऊन रांगेत उभी राहिली. ज्युनीचा पाय निसरड्या दगडावर डगमगला तसा वेस पुढे झाला. "दे, मी धरतो."

"आधी हात दाखव, बाबा."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. तिनं उलटे करून पाहिले. वास घेतला, अगदी डोमिंगोसारखा, दोनदा.

"कोपर."

त्यानं बाह्या वर केल्या. मग तिनं पेला त्याच्या हातात दिला, बोटं मात्र सोडली नाहीत. दोघांनी मिळून तो पाण्यात वाकवला. टोस्ट क्षणभर काठाशी थबकला आणि शंभर भावंडांत मिसळून गेला.

"तो बघ टोस्ट!" ज्युनी ओरडली, आणि तीन दिशांना बोट दाखवलं.

"दिसला," वेस म्हणाला.