होणाऱ्या व्याह्यांचा ओटा

"दगडाबद्दल तोंडातून ब्र जरी काढलात, तर याद राखा," असं बायकोने जिन्यातच बजावलं होतं. मास्तर बिचारे हो म्हणाले. पण कॉलेजात जन्मभर खडक शिकवलेल्या माणसाची सोयरीक जुळावी कुठे, तर फरश्यांच्या दुकानदाराकडे! आता बोला! लेकीचं मन त्यांच्या मुलावर जडलं होतं आणि आज तिघं त्या घरी होकार घ्यायला आले होते.

दुकानदारांनी घर दाखवायला सुरुवात केली ती थेट स्वयंपाकघरापासून. काळ्या कुळकुळीत ओट्यावर थाप मारून म्हणाले, "अस्सल ग्रॅनाइट! ज्वालामुखीतून भसकन बाहेर आला, झटक्यात गार झाला, म्हणून असा टणक."

मास्तरांनी ओठ चावला. खिडकीबाहेर पाहिलं. मनातल्या मनात पाढेही म्हणून पाहिले. पण हात खिशात कधी गेला आणि भिंग घेऊन आपण ओट्यावर कधी ओणवे झालो, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"झटक्यात? अहो, झटक्यात गार झाला असता तर दाणे धरायला वेळ कुठला? हे बघा, केवढे टपोरे आहेत! हा शिलारस बाहेर आलाच नाही. जमिनीच्या पोटात हजारो वर्षं निवांत निवत बसला, म्हणून एवढे वाढले. आणि एवढा काळा ग्रॅनाइट नसतोच मुळी. हा गॅब्रो, वेगळाच खडक!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"मी आयुष्यभर लोकांना हाच ग्रॅनाइट म्हणून विकला," दुकानदार सावकाश म्हणाले. "माझ्या वडिलांनीही विकला. म्हणजे आम्ही लबाड?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भिंग खिशात टाकत ते कसेबसे म्हणाले, "छे छे, नजर चुकली हो माझी. ग्रॅनाइटच आहे. चांगला आहे."

"बाबा!" लेक कडाडली. "माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही." मग दुकानदारांकडे वळून म्हणाली, "काका, बाबांचंच बरोबर आहे. हा ग्रॅनाइट नाही. राग आला असेल, तर आम्ही निघतो."

दुकानदारांनी ओट्यावरून एकदा हात फिरवला. मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला म्हणाले, "हिला दुकानात पाऊल टाकू देऊ नकोस रे, एक गिऱ्हाईक टिकायचं नाही. घरी मात्र लवकर आण."