खाऱ्या पाण्याचं माप

लग्नाला तीस वर्षं झाली तरी मास्तरांच्या बायकोने स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नव्हतं. सहा भावंडांत ती थोरली, मन मारायची सवय अंगवळणी पडलेली. बाजारात एखादं कापड आवडलं की ही आधी किंमत विचारणार आणि मग म्हणणार, "रंग काही खास नाही." मास्तर पडले शिंपी. रंगातलं त्यांना कळायचं, म्हणून हे खोटंही कळायचं.

तीच बाई दातांच्या डॉक्टरकडून आली ती सुजलेला गाल धरून आणि हसत.

"तिथे बसायच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, मास्तर! केशरी मासे, पांढरे पट्टे. दोनदा नाव पुकारलं तरी मला ऐकू नाही आलं." मग काजं करता करता, मान खाली घालून, "आपल्या दुकानात ठेवायची तर केवढ्याला पडेल हो?"

मास्तरांची कात्री कापडातच थांबली.

संध्याकाळी बजेट ठरलं. आकडा बायकोनेच सांगितला, चाळीस हजार. "वर एक दमडी गेली तर रद्द. मला चालेल." ते शेवटचे दोन शब्द मास्तरांना टोचले. तिने आकडा नव्हता ठरवला, पळवाट ठेवली होती. या वेळी माघार घेतली तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

टाक्यांचा दुकानदार गप्पिष्ट होता. "मासे स्वस्त हो, मास्तर. महाग असतं ते पाणी. काच, फिल्टर, हीटर, दिवा, मीठ, समुद्रातले दगड. पाणी माशांजोगं मुरायला महिना-दीड महिना, तोवर नुसते दगड बघत बसायचं." मास्तरांनी कंबर कसली. दिवा जुना मिळवला. स्टँड सुताराकडून करून घेतला, त्या बदल्यात त्याचा कोट उसवून, उलटवून नव्यासारखा करून दिला. घासाघीस करून करून शेवटी एका माशापुरते पैसे उरले. एक तर एक! मास्तर आठवडाभर शीळ घालत होते.

आणि मापातच माती खाल्ली.

दुकानात मोकळी जागा एकच होती, ट्रायल रूमची फळी आणि कटिंगचं टेबल यांच्या मधली. मास्तरांचा लौकिक असा की कापडावर माप असं मांडतील, चिंधीसुद्धा उरणार नाही. त्यांनी काचही तशीच बेतली. जागा जेवढी, टाकी तेवढी. टाकी आली, सरकवली, आणि इतकी घट्ट बसली की सुतार वाहवा करू लागला. मग फिल्टर हातात घेऊन सगळे उभे. तो टाकीच्या बाहेरून लटकवायचा असतो. मागे भिंत, डावीकडे फळी, उजवीकडे टेबल. बोट घालायला जागा नाही.

"पुढे ओढा," सुतार म्हणाला. पुढे ओढली तर गिऱ्हाईक आत कुठून येणार? छोटी टाकी घ्यायची तर माशापुरते सोडून सगळे पैसे संपलेले.

"बरं झालं," बायको म्हणाली, जरा जास्तच चटकन. "काच परत घेतात का विचारा. एवढं काय त्यात." आणि बटणांचा डबा उघडून बसली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. एकच बटण ती कधीची बोटांत फिरवत होती.

"तुमची करवत द्या," मास्तर सुताराला म्हणाले.

त्या टेबलावर चहाचा कप ठेवायची कोणाची छाती नव्हती. वडिलांच्या हाताखाली मास्तर त्याच टेबलावर शिकले होते. त्याचं टोक त्यांनी वीतभर कापलं, स्वतःच्या हाताने. बायको "अहो, अहो" करत राहिली. भुसा झटकून ते एवढंच म्हणाले, "लांब पँट मी आता तिरकी मांडीन. तुला काय करायचंय?"

फिल्टर बसला. पाणी आधी गढूळलं, मग निवळलं. बायको स्टूल टाकून दगडांसमोर काजं करू लागली. गिऱ्हाइकं विचारत, "मासे कुठेत?" ती ऐटीत सांगे, "पाणी मुरतंय."

अखेर दोघं मासा आणायला गेले. दुकानदाराने जाळी बुडवून एक केशरी जीव उचलला, पिशवीत सोडला. त्याच्या जोडीचा काचेशी येऊन वरखाली करू लागला.

बायको बघत राहिली. मास्तरांनी खिसा चाचपला, त्यात जेमतेम एकाचेच पैसे होते. आता ही हिशेब करणार, त्यांना वाटलं, आणि म्हणणार, रंग काही खास नाही.

"तोही द्या," ती म्हणाली.

"अगं, पण चाळीसच्या वर..."

"जाऊ दे वर." तिने आपली पर्स उघडली. नोटा नीट मोजल्या. "मला हवाय."

पिशवी जड असेल म्हणून मास्तरांनी हात पुढे केला. तिने दिली नाही. दुकानापर्यंत ती दोन्ही हातांनी स्वतःच धरून चालली.