शेंदराचे तीन ठिपके

मनालीचा छातीचा एक्स-रे रिपोर्ट फोनवर आला तेव्हा तिची आई भागूबाई अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. विरारजवळच्या चंदनसारच्या टोकाला, नव्या इमारतींच्या पाठीमागे त्यांची जुनी वाडी होती. थोडी भातशेती, थोडा भाजीचा मळा. अशा घरातली मुलगी मेट्रो चालवणार होती. परीक्षा झाली, मुलाखत झाली, नाव लागलं. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, आणि तिचे कागद सोमवारी द्यायचे होते.

मनालीने रिपोर्ट मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी तीन दाट ठिपके दिसतात, एक्स्ट्रिन्सिक आर्टिफॅक्ट असावा असं वाटतं, पुन्हा फोटो काढून खात्री करावी, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. ठिपके म्हणताच भागूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. छातीत डाग म्हणजे क्षय, हे त्यांच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मनालीने आर्टिफॅक्ट या शब्दाचा अर्थ फोनवर शोधला, तर समोर मातीची मडकी, दगडी कुऱ्हाडी आणि कुठल्याशा संग्रहालयाचं तिकीट आलं. तिचे वडील नथूभाऊ खांद्यावरचं फावडं उतरवत म्हणाले, "बघ, तुझ्या छातीत खजिना गाडलाय कोनीतरी. सरकार खोदायला येईल." लेक हसली. भागूबाईंना हसू आलं नाही. त्या देवापुढे जाऊन बसल्या आणि आता काय सोडावं याचा विचार करू लागल्या. सोमवारी एकभुक्त होतं, मंगळवारी जीवदानी देवीसाठी अळणी, गुरुवारी केळं वर्ज्य, शनिवारी मारुतीचा उपास. सोडण्यासारखा राहिला होता फक्त चहा, आणि चहा त्यांच्या जिवाचा होता. मुलीचा फोटो स्वच्छ येईपर्यंत चहा बंद, असं त्यांनी मारुतीला हळूच सांगितलं. देवाला मोठ्याने सांगायची त्यांना सवय नव्हती. घरातल्या माणसांनाही सांगायची नव्हती.

शनिवारी सकाळी दोघी मायलेकी पहिला फोटो काढला होता त्या विरारच्या एक्स-रे सेंटरात गेल्या. चहाशिवाय भागूबाईंचं कपाळ ठणकत होतं. डॉक्टर हेलन वसईच्याच, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी मनालीची उलटतपासणीच घेतली. गळ्यात साखळी होती का? नव्हती. कपड्याला हूक, बटण, टिकल्या? सेंटरचा झगा घातला होता. केस? वर बांधले होते. अंगाला कसलं मलम, बाम? काही नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसरा फोटो काढायला पाठवलं.

थोड्या वेळाने मनाली झगा सावरत बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच भागूबाईंनी ओळखलं. ठिपके पुन्हा आले होते, आणि या खेपेला जास्तच ठसठशीत.

मनाली पुटपुटली, "आई, जाऊ दे. मेट्रो नाही तर दुसरं काहीतरी."

एवढ्यात डॉक्टरांनी भागूबाईंना आत बोलावलं. "मावशी, या, तुम्ही पण बघा. घाबरायचं काही असतं तर मी असं बोलावलं नसतं."

पडद्यावर लेकीच्या फासळ्या होत्या. भागूबाईंना वाटलं, पदराने झाकावं हे सगळं. मग त्यांचं लक्ष ठिपक्यांकडे गेलं. मधला जरा वर, बाजूचे दोन खाली. शेवटचा किंचित फरफटलेला, बोट उचलताना ओघळावा तसा. त्या पुढे सरकल्या. आपलीच घातलेली रांगोळी दुसऱ्याच्या दारात दिसावी, तसं त्यांना झालं.

"बाय, ही माझी बोटं हायेत," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना कळेना. मग भागूबाईंनी खालमानेने सांगितलं. महत्त्वाच्या कामाला निघताना पोरांच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली उजवीकडे, मारुतीचा शेंदूर तीन बोटांनी लावायचा, ही त्यांच्या सासूबाईंपासूनची रीत. पाठीवर अशासाठी की कुणाची नजर पडू नये. मनालीला पाचवीपासून प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक कबड्डीच्या सामन्याला तो लागला होता. गुरुवारी पहिल्या फोटोला निघतानाही लावला होता. आणि आज काळजीपोटी पुन्हा वरून थापला, दुप्पट.

मनाली कपाळावर हात मारून म्हणाली, "मी विसरलेच होते. मला तो माझ्या कातडीचाच भाग वाटतो गं."

डॉक्टर हेलन खुर्चीत मागे रेलून मनापासून हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. कच्च्या शेंदरात शिसं असतं, आणि शिशातून एक्स-रे पलीकडे जात नाहीत. म्हणून जे अंगावर होतं ते अंगात असल्यासारखं उमटलं. फोटोत दिसतं पण शरीरात नसतं, त्याला आम्ही आर्टिफॅक्ट म्हणतो. कधी चूक यंत्राची, कधी पेशंट हलतो म्हणून, कधी वेणीची गाठ फुप्फुसातला डाग वाटते. आणि एक्स्ट्रिन्सिक म्हणजे बाहेरून आलेला.

भागूबाईंनी जरा विचार केला. "म्हंजे आरशाला टिकली चिकटवली, नि आपुन समोर गेलो की आपल्या कपाळाला दिसते, तसं?"

"अगदी तसं. मावशी, हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार."

नर्सने कापसाने आणि तेलाने मनालीची पाठ पुसून काढली. कापूस केशरी होत गेला, मनालीला गुदगुल्या होत राहिल्या आणि तिसरा फोटो निघाला. फुप्फुसं धुतल्या तांदळासारखी. डॉक्टरांनी तिथल्या तिथे नॉर्मल असा रिपोर्ट सही करून दिला. आणि हळूच एक बजावलं, की शेंदूर देवालाच राहू द्या. अंगाला, तोंडाजवळ नको, शिसं बरं नव्हे. भागूबाईंना हे पटलं. मारुतीची वस्तू मारुतीकडे, त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण त्यांची एक विनंती होती.

"त्यो पहिला रिपोर्ट मला द्याल? त्यात माझ्या बोटांबद्दल लिवलंय."

डॉक्टरांनी छापून दिला.

सेंटरच्या पायरीवर बसून मनालीने बापाला फोन लावला. नथूभाऊ मळ्यात पाणी लावत होते. तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या आयशीला सांग, बाहेरचा माल आत दाखवते. हिला कस्टमवाले धरतील." मग नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि एकदम प्रश्न, की संध्याकाळी कोलंबी आणू का.

मनालीने आईकडे पाहिलं. "आणू दे का? तुझा तर उपास."

भागूबाईंच्या हातात टपरीवरच्या चहाचा ग्लास होता, दुसरा. त्या आधी फुंकर घालत राहिल्या.

"आनू दे. मी करीन कालवन," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं तू चाख."