मुराळी

एक पाय नावेत आणि एक काठावरच्या चिखलात, असे अण्णाराव थबकले. पलीकडच्या काठावर बाभळींची काळपट रेघ दिसत होती. तिच्यामागं सिंधूचं सासर.

"येताव का, मालक?" नागोराव भोयानं विचारलं.

अण्णारावांनी नावेतला पाय मागं घेतला. तोंडाला कोरड पडली होती.

"आज न्हाई. रानात काम हाय."

सिंधू त्यांची एकुलती लेक. बायको गेल्यावर त्यांनीच वाढवलेली. गेल्या वर्षी पोळ्यानंतर तिला भेटून परतताना, भर पात्रात, काही कारण नसताना त्यांचा श्वास कोंडला होता. आता मरतो, असं वाटून त्यांनी भोयाचा हात गच्च धरला होता. तेव्हापासून नावेत बसणं सुटलं. पुढं सिंधूला मुलगी झाली. सासरची रीत कडक. माहेरचा पुरुष मुराळी म्हणून न्यायला आल्याशिवाय सून धाडायची नाही. तिला भाऊ नाही. "आबा कधी येतेत?" एवढाच निरोप तिकडून येई, आणि इकडून रानातल्या कामाची सबब जाई.

वैद्याचे काढे झाले, हकिमाचा खमिरा चाटून झाला, अंगारेही लावून झाले. नांदेडच्या सरकारी शफाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, "कलेजा मजबूत आहे." ते ऐकून अण्णाराव जास्तच खचले. मग आपल्याला झालंय तरी काय? तेव्हा त्या डॉक्टरांनीच रेणुकादास डॉक्टरांचं नाव सुचवलं. विलायतेत जाऊन ते अशाच, मनाच्या दुखण्यांचं शिकून आले होते. हैदराबादेत असत, महिन्याकाठी नांदेडला येत.

"येड्याचा डॉक्टर म्हणतील लोक," अण्णाराव म्हणाले.

"म्हणू द्या," धाकटी बहीण साखराबाई म्हणाली, आणि तिनं गाडीला बैल जुंपायला लावले.

रेणुकादास डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घाई केली नाही. शेवटी विचारलं, "बरं झाल्यावर पहिल्यांदा काय कराल?"

अण्णारावांनी पटक्याचा शेव चुरगाळला.

"लेकीच्या दारात जाईन. म्हणीन, चल माय, न्यायला आलो."

"हे दुखणं आहे, अण्णाराव. तुम्ही भेकड नाही. याला इलाज आहे, पण वेळ लागेल."

"गोळी द्याल का?"

"झोपेची देईन. पण ती तुम्हाला नदी पार करून देणार नाही." डॉक्टर किंचित हसले. "रोज काठावर जाऊन बसा. मग बांधलेल्या नावेत बसा. धडधड होईल, ती होऊ द्या. उठून पळू नका. ती चढते तशी उतरते, हे तुमच्या शरीराला कळलं पाहिजे."

बाहेर आल्यावर अण्णाराव बैलाच्या मानेत तोंड घालून उभे राहिले. साखराबाईनं मुद्दाम दुसरीकडं पाहिलं.

त्यानंतर ते रोज नदीवर जाऊ लागले. आधी काठावर, मग खुंट्याला बांधलेल्या नावेत. घामानं सदरा भिजे. धुणं धुणाऱ्या बाया एकमेकींना कोपर मारत. दर महिन्याला नांदेडची वारी होई. एकदा नाव सोडून ते आत गेले आणि अर्ध्यातून परत फिरले. त्या दिवशी जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "अर्ध्यापर्यंत गेलात की."

हिवाळ्यातल्या एका दुपारी ते काठावर बसले असताना पलीकडून नाव येताना दिसली. तिच्यात डोक्यावर पदर घेतलेली सिंधू होती, मांडीवर लेकरू. अण्णाराव गुडघाभर पाण्यात शिरले.

"आबा!" ती रडत, हसत म्हणाली. "आत्यानं समदं कळवलं, तवा सासूबाईनंच धाडलं. म्हणल्या, त्यांना तरास नगं, तूच जाऊन भेटून ये."

नाव काठाला लागली. सिंधू उठायला लागली तसा अण्णारावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उतरू नको, माय. बस."

"का वो?"

उत्तर न देता ते नावेत चढले आणि तिच्यासमोर बसले.

"नागोराव, पलीकडं घे."

"आता तर तिकडूनच आलो की, मालक!"

"हिला न्यायला जायचं हाय."

भोयानं सिंधूकडं पाहिलं, आणि वल्हं मारलं. काठ मागं सरकला. अण्णारावांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले.

"आबा, मागं फिरवायची का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नातीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. हात थरथरत होते. सिंधूनं क्षणभर त्या हातांकडं पाहिलं, आणि लेकरू त्यांत ठेवलं.